मुलांना थीम पार्कला कधी न्यावे? वय, उंची आणि तब्येतीचा हिशेब

मे महिन्यात शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास मला एक फोन हमखास येतो. घर वेगळे असते, प्रश्न तोच. "डॉक्टर, उद्या सकाळी खोपोलीला निघायचंय. तिकिटं काढलीत, गाडी ठरलीय, पुण्याहून नणंदेची मुलंही येणारेत. आणि आता छोट्याला अंग गरम लागतंय. तापाचा एक डोस देऊन नेलं तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर पुढे देतेच. पण अनेकदा खरी अडचण त्या रात्रीच्या तापाच्या आधीच सुरू झालेली असते. "छोटा" अडीच वर्षांचा असतो. त्याच्यासाठी तो दिवस कसा जाईल, याचा विचार तिकिटे काढताना कोणी केलेला नसतो. म्हणून सुट्टीचे बेत ठरण्याआधीच हा लेख वाचा. मूल थीम पार्क किंवा वॉटर पार्कला जाण्याइतके मोठे झाले आहे का, हे ठरवायला तुम्हाला मदत व्हावी, एवढाच याचा हेतू आहे.

नेमके वय किती?

एकच आकडा हवा असेल, तर माझे मत ७ वर्षे. त्याआधी नेऊच नये असे नाही. पण पूर्ण दिवसाची, पैसे वसूल होतील अशी पहिली सहल ७-८ व्या वर्षी चांगली होते. मूल दिवसभर चालू शकते, भूक-तहान-शू वेळेवर सांगते, "थांब" म्हटले की थांबते, आणि बऱ्याचशा राईडना लागणारी उंची त्याने गाठलेली असते.

२ वर्षांखालच्या बाळाला या सहलीतून काहीही मिळत नाही. त्याला गर्दी, गोंगाट आणि ऊन एवढेच मिळते. दुसरेही एक कारण आहे. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. गोवर हवेतून पसरतो. पहिला डोसही न झालेल्या बाळाला हजारो लोकांच्या गर्दीत नेणे मला पटत नाही. मोठ्या भावंडासाठी जावेच लागणार असेल, तर बाळाला आजीजवळ घरी ठेवा. आजीलाही त्या उन्हात फिरायची हौस नसतेच, फक्त ती बोलत नाही.

२ ते ४ या वयात न्यायचे असेल, तर अर्धा दिवस आणि थंडीचा मोसम निवडा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. लहान मुलांसाठीचे पाळणे, घोड्यांचे चक्र, छोटी आगगाडी एवढ्यावर या वयाचे मूल पूर्ण खूश असते. खरे तर ते गावच्या जत्रेतही तितकेच खूश असते. "इतक्या लहान वयातलं त्याच्या लक्षात राहील का?" असे पालक विचारतात. बहुतेकांना साडेतीन वर्षांच्या आधीचे फारसे काही आठवत नाही. तेव्हा आठवण तुमच्यासाठी असते, मुलासाठी तो केवळ एक दिवस असतो. तो दिवस सुखाचा गेला तर काहीच हरकत नाही.

माझ्या पिढीला हा प्रश्नच पडत नसे. आम्ही मार्वेच्या जेट्टीवरून बोटीत बसून एस्सेलवर्ल्डला गेलो, ते शाळेच्या सहलीतून, सहावी-सातवीत. वाट पाहून पाहून गेलो होतो, त्यामुळे ती बोटसुद्धा आठवते.

उंचीची पट्टी कशासाठी असते?

राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथे रोज वाद होतात. "दोनच बोटं कमी आहे हो, सोडा ना," म्हणणारे वडील मी पाहिलेत. केस वर बांधून, टाचेचे बूट घालून मुलीला उंच करणारी आईही पाहिली आहे. कृपया असे करू नका.

राईडचा मांडीवर येणारा दांडा आणि खांद्यावरचा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेले असतात. मूल लहान असेल तर दांडा मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीपासून वरच राहतो. झटका बसला की मूल खालून घसरू शकते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे स्नायू कच्चे असतात. वेगात वळण घेताना किंवा अचानक थांबताना त्या मानेवर येणारा ताण मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. आणि उंची कमी म्हणजे बहुधा वयही कमी. चालत्या राईडमध्ये घाबरून उभे राहण्याचा प्रयत्न ४-५ वर्षांचे मूल करू शकते. "घट्ट धरून बस" ही सूचना त्या क्षणी त्याच्या डोक्यात राहत नाही.

तिकिटे काढण्याआधी घरी भिंतीला टेकवून, अनवाणी, मुलाची उंची मोजा. साधारण अंदाज सांगते: ३ वर्षांचे मूल सुमारे ९५ सेंटीमीटर, ५ वर्षांचे ११० च्या आसपास, ७ वर्षांचे १२० च्या आसपास, आणि १४० सेंटीमीटर गाठायला १० वर्षे तरी लागतात. यात ५-७ सेंटीमीटर इकडेतिकडे अगदी सामान्य आहे. मग त्या पार्कच्या संकेतस्थळावर कोणत्या राईडला किती उंची लागते ते बघा आणि मुलाला चालतील अशा राईड चक्क मोजा. पंचवीसपैकी सहाच निघाल्या, तर वर्षभर थांबणे शहाणपणाचे. मुलालाही आधीच सांगून ठेवा, की या मोठ्या पाळण्यात तुला यंदा बसता येणार नाही. तिथे दारात कळले की भोकाड पसरते आणि मग तुमच्या मनात ते टाचेचे बूट येतात.

ऊन: आपण सर्वांत कमी लेखतो ती गोष्ट

माझीच चूक सांगते. मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही सगळे मिळून अकरा जण मे महिन्यात एका पार्कला गेलो. दुपारी दीडच्या सुमारास तिची किरकिर एकदम थांबली आणि ती गप्प बसून राहिली. मला वाटले, दमली, आता झोपेल. बरेच झाले. माझ्या सासूबाईंनी तिला कडेवर घेतले आणि म्हणाल्या, "अगं, हिचे ओठ बघ. आणि सकाळपासून शू केलीय का हिने?" केली नव्हती. सकाळी आठनंतर एकदाही नाही. मी डॉक्टर, आणि माझे लक्ष पुढच्या राईडच्या रांगेवर होते. सावलीत पंख्याखाली बसवून, अंग पुसून, चमच्या-चमच्याने ओआरएस पाजून तासाभराने ती हसायला लागली. तिथूनच घरी परतलो. निम्मी तिकिटे वाया गेली, त्यावरून परतीच्या गाडीत थोडे बोलणेही झाले.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता भराभर आत येते, आणि घाम मात्र कमी येतो. तहान लागली तरी खेळाच्या नादात ते सांगत नाही. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला घाम आलेला दिसतही नाही. वॉटर पार्कमध्ये अंग ओले असते म्हणून पाणी प्यायची गरज नाही, असे मानू नका.

त्यामुळे घड्याळ लावून दर वीस-तीस मिनिटांनी पाणी पाजा. सोबत ताक, लिंबू सरबत, शहाळे चालेल. ओआरएसची मोठी पुडी १ लीटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात असे प्रयोग नकोत. टेट्रापॅकमधली गोड फळपेये म्हणजे ओआरएस नव्हे. मुलाने तीन-चार तासांत शू केली नसेल किंवा शू गडद पिवळी असेल, तर पाणी कमी पडते आहे. दुपारी १२ ते ४ सावलीत किंवा बंद सभागृहातल्या राईडना काढा.

चिडचिड, डोकेदुखी, मळमळ, पोटात कळ, चेहरा लाल होणे ही पहिली लक्षणे. इथेच थांबा. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले, गुंगीत गेले, त्याला झटका आला किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करा, पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला कळवा, आणि मदत येईपर्यंत थांबून राहू नका: सावलीत नेऊन कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

वॉटर पार्कचा हिशेब वेगळा

कोरड्या राईडपेक्षा मला पाण्याची काळजी जास्त वाटते. बुडणारे मूल सिनेमात दाखवतात तसे हात हलवून ओरडत नाही. त्याला ओरडायला श्वासच नसतो. ते शांतपणे, काही सेकंदांत पाण्याखाली जाते, आणि त्यासाठी गुडघाभर पाणीही पुरते. लाटांच्या तलावात तर एका लाटेआड मूल दिसेनासे होते.

म्हणून ५ वर्षांखालच्या मुलाला लहान मुलांच्या उथळ तलावापलीकडे नेऊ नये, आणि तिथेही हात लांब केला की पोहोचेल इतक्या अंतरावर एक मोठे माणूस हवे. एकच, नाव घेऊन ठरवलेले. दहा जण बरोबर असतात तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसरा बघतोय. पाळी लावा: पंधरा-वीस मिनिटे काका, मग आत्या. ज्याची पाळी त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, रीळही नको आणि फोटोही नको. लाइफगार्डला शेकडो डोकी बघायची असतात, तो तुमच्या एकट्या मुलासाठी नसतो.

दंडात घालायच्या हवेच्या फुगवलेल्या पट्ट्या आणि ट्यूब ही खेळणी आहेत. त्या निसटतात, फुटतात. तरंगण्यासाठी मापात बसणारे लाइफ जॅकेटच घ्या. पोहण्याचा पोशाख निळा किंवा पांढरा घेऊ नका, पाण्याखाली तो दिसत नाही. भडक नारिंगी किंवा पोपटी रंग चटकन दिसतो.

पाण्यातून काढलेले मूल ठीक वाटले, तरी नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला असेल, तर पुढचे काही तास त्याच्याकडे लक्ष ठेवा. खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, मूल विनाकारण सुस्त झाले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरी न जाता सरळ रुग्णालयात जा.

मुलाला जुलाब होत असतील, तर पाण्यात अजिबात नाही. त्याच्यासाठी नाही आणि इतरांसाठीही नाही. क्लोरीनच्या पाण्यातही काही जंतू दिवसेंदिवस जगतात. जुलाब थांबल्यावरही काही दिवस जाऊ द्या. डायपरच्या वयातल्या मुलांनी तलावात शी करणे ही किती नेहमीची गोष्ट आहे, हे कळले तर तुम्ही मुलांना "पाणी गिळू नकोस" हे जरा जास्त कळकळीने सांगाल. कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्या किंवा कान वाहणाऱ्या मुलाला पाण्यात सोडण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांना विचारा.

जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावेच अशी मुले

मुलाला जुना आजार आहे म्हणून त्याने घरीच बसावे, असे मी म्हणणार नाही. मात्र तयारी वेगळी लागते.

सिकलसेलबद्दल आधी सांगते, कारण विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार बराच आहे आणि वॉटर पार्कशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. शरीरातले पाणी कमी होणे, अति श्रम आणि गार पाण्यात जास्त वेळ राहणे, या तिन्हींनी सिकलसेलच्या मुलाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. वॉटर पार्कमध्ये तिन्ही एकाच दिवशी होतात. अशा मुलाला कोरड्या राईड, थंडीचे दिवस आणि भरपूर पाणी हे जास्त मानवते. पाण्यात उतरायचेच असेल तर थोडा वेळ, आणि बाहेर येताच अंग कोरडे करून सुके कपडे.

हृदयाची शस्त्रक्रिया झालेली किंवा ठोक्यांची अनियमितता असलेली मुले हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वेगवान राईडमध्ये बसवू नका. घरात कोणी तरुणपणी अचानक कोसळून गेले असेल किंवा मूल घाबरल्यावर बेशुद्ध पडले असेल, तरी आधी ईसीजी करून घ्या. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यांना झटके देणाऱ्या राईड नकोत. फिट येणाऱ्या मुलाची गोळी प्रवासात चुकू देऊ नका, त्याची झोप मोडू देऊ नका (पहाटे चारला उठवून निघणे म्हणजे तेच), आणि पाण्यात एक माणूस कायम त्याला हात लावून हवा. दम्याच्या मुलाचा पंप आणि स्पेसर गाडीत नको, खांद्यावरच्या पिशवीत हवा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर दिवसभराच्या चालण्याने उतरते. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज जवळ ठेवा, इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका. थॅलेसेमिया, नुकताच झालेला टायफॉइड किंवा मलेरिया, अशा आजारांत प्लीहा वाढलेली असू शकते. पोटावर दांडा येणाऱ्या राईड तेव्हा टाळाव्यात.

गाडी लागणे हा आजार नसला तरी दिवस खराब करतो. साधारण ६ ते १२ वयात हा त्रास जास्त दिसतो. घाटात ज्याला उलट्या होतात, त्याला गोल फिरणाऱ्या राईडमध्येही होतात. उपाशी नेऊ नका आणि वडापाव खाऊनही बसवू नका. हलके काहीतरी द्या. गाडी लागण्याच्या गोळीने गुंगी येते आणि बऱ्याच ठिकाणी मिळणारी प्रोमेथाझिन ही गोळी २ वर्षांखाली देतच नाहीत. मोठ्या मुलालाही ती वजनानुसार विचारूनच द्या.

भीती आणि हट्ट

दोन-अडीच ते चार वर्षांच्या मुलांना मोठ्या डोक्याच्या कार्टूनच्या वेशातली माणसे भयंकर वाटतात. अंधारातल्या राईडही तशाच. हे अगदी स्वाभाविक आहे. फोटोसाठी त्याला त्या अस्वलाच्या हातात देऊ नका. मोठ्या मुलांचे वेगळे असते. आठ वर्षांचा मुलगा रांगेच्या शेवटी पोहोचून "मला नाही बसायचं" म्हणतो, मागे सगळी भावंडे असतात, आणि कोणीतरी मोठे माणूस हसून म्हणते, "काय रे, मुलगी आहेस का?" यात मुलगा आणि मुलगी दोघांचाही अपमान होतो. त्याचा हात धरून बाजूने बाहेर या. बहुतेक राईडना परतीची वाट असते.

मुलांच्या वयात मोठे अंतर असेल, समजा एक नऊ आणि एक तीन, तर सकाळीच दोन गट करा. नाहीतर धाकट्याच्या झोपेपायी मोठ्याचा दिवस जातो, आणि तो ते बोलून दाखवत नाही.

सकाळी आत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. हरवले तर "निळा शर्ट की हिरवा" यावर आईवडिलांत वाद नको. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनने फोन नंबर लिहा, पाण्यात जायचे असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीवर. मुलाला आईबाबांचे पूर्ण नाव सांगता येते का, ते आठवडाभर आधी विचारून पाहा. पाच वर्षांची बरीच मुले "आईचं नाव आई" असे सांगतात.

आता त्या शुक्रवार रात्रीचे उत्तर

ताप असेल तर जाऊ नका. तापाचे औषध आकडा खाली आणते, आजार तिथेच असतो. औषधाचा असर साधारण चार ते सहा तासांत ओसरतो, म्हणजे भर दुपारी, रांगेत, घरापासून दोन तासांवर. तापलेल्या शरीराला वरून ऊन आणि पाण्याची कमतरता. औषध न देता २४ तास ताप नाही, मूल नेहमीसारखे खाते-खेळते आहे, तरच निघा. डेंग्यूच्या दिवसांत तर ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच जास्त जपायचे असतात. तेव्हा मूल बरे दिसले तरी विचारल्याशिवाय बाहेर काढू नका.

पैशांचे म्हणाल, तर तिकिटे काढतानाच तारीख बदलता येते का ते बघून घ्या, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. बदलता येत नसेल, तर बाकीच्यांनी जावे आणि एका पालकाने आजारी मुलाबरोबर घरी थांबावे. मागच्या मे महिन्यात एका बाबांनी तसे केले. रविवारी सकाळी मुलाच्या अंगावर कांजिण्यांचे फोड दिसले. सोमवारी ते दाखवायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, गाडीत आम्ही सात मुलं कोंबणार होतो."